यरुशलेमेच्या वाटेवरचे तीन सण

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या अभ्यासगटात लेवीय २३ वाचला. एका बंधूंनी तक्ता वाटला. त्यात सात सण होते: चार ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यात पूर्ण झाले, तीन दुसऱ्या येण्यासाठी राखून ठेवलेत. दुसरे बंधू म्हणाले, हे सगळे वधस्तंभावर संपले, त्यात वेळ कशाला घालवायचा? एका भगिनीची इच्छा आहे की येत्या पवित्र आठवड्यात चर्चमध्ये सेदेर, म्हणजे यहुदी घरांतले वल्हांडणाचे विधिवत भोजन, करावे. आम्ही गोंधळलो आहोत. या यात्रेच्या सणांचा ख्रिस्ती वाचकाला नेमका अर्थ काय?"

मी पंचवीसेक वर्षे पाळक होऊ घातलेल्या मुलामुलींना जुना करार शिकवतो आहे. हे तिन्ही आवाज वर्गात दरवर्षी उठतात. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण तिघेही एक पायरी गाळतात. ख्रिस्तापर्यंत पोचायची एवढी घाई करू नका. आधी त्या सणाला आलेल्या माणसाच्या शेजारी उभे राहा आणि त्याच्या हातात काय आहे ते बघा. ख्रिस्त तिथेच भेटतो, कारण तोही त्याच गर्दीत होता.

लेवीय २३ बाजूला ठेवा आणि निर्गम २३:१४ ते १७ उघडा. तिथे सात सण नाहीत, तीनच आहेत: बेखमीर भाकरींचा (वल्हांडणाला जोडलेला), कापणीचा (म्हणजे सप्ताहांचा) आणि संग्रहाचा (म्हणजे मांडवांचा). वर्षातून 'तीन वेळा' असे आपण वाचतो, तिथे मुळात 'रेगालीम' हा शब्द आहे, आणि 'रेगेल' म्हणजे पाऊल. सणासाठीचा दुसरा शब्द 'हाग'. अरबीतला 'हज' त्याचाच भाऊबंद. कर्णे वाजवण्याचा दिवस आणि प्रायश्चित्ताचा दिवस लेवीयाच्या यादीत येतात, पण त्यांच्यासाठी घरदार सोडून वर जायची आज्ञा नव्हती. तक्त्यात सगळे एका रांगेत बसवले की हा फरक पुसला जातो.

वर जायचे म्हणजे खरोखरच वर. गालीलातून यरुशलेम शंभर किलोमीटरच्या पुढे, पायी तीन-चार दिवस. शोमरोनातून जायचे टाळणारे लोक यार्देनेच्या खोऱ्याने यरीहोला उतरत. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे अडीचशे मीटर खाली, यरुशलेम सुमारे साडेसातशे मीटर वर. म्हणजे शेवटच्या पंचवीसेक किलोमीटरांत हजार मीटरची चढण, तीही बोडक्या डोंगरातून. हे ठाऊक झाल्यावर आरोहणस्तोत्रे, म्हणजे १२० ते १३४, पुन्हा वाचा. 'तो तुझा पाय ढळू देणार नाही', दिवसा सूर्य बाधणार नाही, रात्री चंद्र बाधणार नाही. आपण हे दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी वाचतो, तेही योग्यच आहे. पण शब्द चालणाऱ्याचे आहेत.

लूक २ मध्ये बारा वर्षांचा येशू मागे राहतो आणि आईबापांना दिवसभर पत्ता लागत नाही. वर्गात कोणीतरी विचारतेच, असे कसले आईबाप? पण तांडा नात्यागोत्याचा, गाववाल्यांचा होता. पोर चुलत्याकडे असेल, मामाकडे असेल, असे धरून ते चालत राहिले. लूक सांगतो की ते वल्हांडणासाठी दरवर्षी जात. आज्ञा फक्त पुरुषांना होती, तरी मरीया जात होती, आणि तिच्याही शेकडो वर्षे आधी शिलोला हन्ना जात होती. घरी गुरेढोरे, शेत, उघडे कुंपण. निर्गम ३४:२४ मधले आश्वासन यासाठीच आहे: तुम्ही तीनदा वर याल तेव्हा तुमच्या जमिनीचा लोभ कोणी धरणार नाही. ज्याने शेत राखले आहे त्याला या एका ओळीत किती काळजी दडली आहे ते कळेल.

वारीशी तुलना वर्गात होतेच. ती चालण्यापुरती उपयोगी आहे. पुढे ती अडते, कारण इथे तिन्ही तारखा पिकांना बांधलेल्या आहेत आणि 'रिकाम्या हाताने येऊ नये' अशी सक्त आज्ञा आहे. त्या देशाचे हवामान आपल्या उलट: पाऊस हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. वल्हांडणाला सातू तयार होतो, त्यानंतर सात आठवड्यांनी गहू, आणि शरदात द्राक्षे, अंजीर, जैतून घरात आले की मांडवांचा सण. त्याच सुमारास पुढच्या पावसाची वाट बघणे सुरू होते. हे शेवटचे वाक्य लक्षात असू द्या. योहानाच्या सातव्या अध्यायाची किल्ली त्यात आहे.

आता वल्हांडण. आपल्या मराठी शास्त्रातला हा शब्द फार नेमका आहे. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे; रक्त लावलेले दार देव ओलांडून गेला. आज तो चर्चबाहेर फारसा कानावर येत नाही, त्यामुळे आपल्या मुलांना ते कुठल्यातरी परक्या सणाचे विशेषनाम वाटते. त्यांना एकदा फोड करून सांगा.

ख्रिस्ती वाचक इथे एक चूक हमखास करतो. कोकरू म्हटले की पापार्पण, असे समीकरण त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. पण वल्हांडणाचे कोकरू पापार्पण नव्हते. ते घरच्यांनी मिळून खायचे होते, भाजून, कडू भाजीबरोबर, कंबर कसून, पायात जोडे आणि हातात काठी घेऊन, घाईने. त्याचे रक्त गुलामांच्या दारावरची खूण होते. म्हणून पौल १ करिंथ ५ मध्ये ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो आणि लगेच जुने खमीर काढून टाका असे सांगतो. त्याचा रोख आहे तो सुटलेल्या लोकांनी आता कसे जगायचे यावर. पापक्षमेची शिकवण नव्या करारात भरपूर आहे, पण या सणावर फक्त तीच लादली तर मिसर, फारो आणि विटांची भट्टी गळून पडते.

रोमी अधिकाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगले कळत होते. परक्या राज्याच्या जोखडाखाली असलेली माणसे स्वातंत्र्याचा सण साजरा करायला एका शहरात हजारोंनी जमायची, म्हणून सणाला मंदिराच्या ओसऱ्यांवर सैनिक उभे असत. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस एका वल्हांडणाला कापलेल्या कोकरांचा आकडा अडीच लाखांवर सांगतो. अभ्यासकांना तो फुगवलेला वाटतो, मलाही वाटतो, पण गर्दी अफाट होती यात शंका नाही. मार्क १४:२ मध्ये मुख्य याजक म्हणतात की सणात त्याला धरू नये, लोकांत दंगल होईल. ती भीती खरी होती. येशू मेला तो अशा आठवड्यात.

शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते का, हेही विचारले जाते. मत्तय, मार्क, लूक होय म्हणतात. योहानात मात्र खटल्याच्या सकाळी वल्हांडणाचे भोजन अजून व्हायचे आहे (१८:२८), आणि येशू मरतो तो तयारीचा दिवस, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात होती तो. एजोब या झुडपाची काठी आणि न मोडलेली हाडे, या निर्गम १२ ची आठवण देणाऱ्या खुणाही योहान मुद्दाम नोंदवतो. हा मेळ बसवायला अनेकांनी अनेक कालगणना मांडल्या. मी एकही पक्की म्हणून शिकवत नाही. दोन्ही परंपरांना या मृत्यूला दुसऱ्या कुठल्याच सणाच्या उजेडात बघायचे नव्हते, एवढे मला पुरते.

याच सणाची एक खूण आपल्या किनाऱ्यावरही आहे. रेवदंडा, अलिबागच्या बाजूला राहिलेले बेने इस्राएल मराठी बोलत, तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याकडे या सणाचे जुने नाव आंबट चटणीचे भांडे झाकून ठेवण्यावरून पडले होते. शतकानुशतके इतर यहुद्यांपासून दूर राहिलेल्या समाजात ग्रंथ आणि विधी मागे पडले, पण आंबवलेले झाकून ठेवायचा हात चुकला नाही. मला या गोष्टीचे फार अप्रूप आहे. जे खाऊन लक्षात ठेवले जाते ते सहजी जात नाही. येशूनेही 'माझ्या स्मरणार्थ हे करा' म्हटले ते भाकर हातात धरूनच.

दुसरा सण सप्ताहांचा, ग्रीकमध्ये पेन्टेकॉस्ट, म्हणजे पन्नासावा. सातूची पहिली पेंढी ओवाळली त्या दिवसापासून सात आठवडे मोजायचे. मोजणी कुठून धरायची यावर परूशी आणि सदूकी हे यहुदी पंथ भांडत. ते भांडण इथे सोडतो. लेवीय २३:१७ मात्र सावकाश वाचा. या दिवशी ओवाळायच्या दोन भाकरी खमीर घालून भाजायच्या आहेत. पन्नास दिवसांपूर्वी घरातून झाडून काढलेले खमीर आता देवासमोर येते. खमीर म्हणजे पाप असे एकच सूत्र धरून बसलेल्यांची इथे पंचाईत होते. एक भाकर यहुद्यांची आणि एक परराष्ट्रीयांची, असा अर्थ काढलेला मी ऐकला आहे. मजकुरात त्याला आधार नाही. सरळ अर्थ पुरेसा आहे: सुटकेची भाकर घाईची होती, स्थिरावल्यावरची भाकर रोजच्यासारखी फुगलेली आहे, आणि दोन्ही देवाच्या आहेत.

याहून मोठी गोष्ट बाविसाव्या वचनात आहे. सणांच्या तारखा, अर्पणे, गोऱ्हे, मेंढे असे सगळे चालले असताना मध्येच एक शेतीचा नियम येतो: शेताच्या कडेकोपऱ्याची कापणी करू नको, सरवा वेचू नको, तो गरिबाला आणि उपऱ्याला राहू दे. तक्ता करणारे हे वचन नेहमी वगळतात, कारण ते कुठल्याच चौकटीत बसत नाही. माझ्या मते मात्र या सणाचा कणा तोच आहे. यहुदी परंपरेने या सणाला रूथचे पुस्तक वाचायची प्रथा पाडली. रूथ सातूच्या हंगामाच्या आरंभी बेथलेहेमात येते आणि गव्हाची कापणी संपेपर्यंत सरवा वेचते, म्हणजे नेमके वल्हांडण ते सप्ताहांचा सण एवढे दिवस. ती मवाबी, उपरी, विधवा. शेतमालक बवाजाने कडेकोपरे झाडून नेले असते तर दाविदाची पणजीच घडली नसती, आणि मत्तय पहिल्या अध्यायात रूथचे नाव घेतो ते राहिले असते.

आता प्रेषितांची कृत्ये २ उघडा. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमिया, पंत, आसिया, फ्रुगिया, मिसर, लिबिया, रोम, क्रेत, अरबस्तान अशी जी लांबलचक यादी वाचताना आपला वाचक अडखळतो, ती यात्रेकरूंची आहे. सण नसता तर ते तिथे नसते. पवित्र आत्मा आला तो माणसे आधीच जमलेली असताना, पहिल्या गव्हाच्या दिवशी. सीनायवर नियमशास्त्र मिळाल्याच्या स्मरणाशी या दिवसाचा संबंध यहुदी परंपरेत जोडला जातो, आणि अग्नी व आवाज यांमुळे लूकच्या मनात ते असावे असे अनेकांना वाटते. शक्य आहे. पण अध्यायाच्या शेवटाकडे लक्ष द्या. आत्मा उतरल्याचा पहिला ठळक परिणाम काय? लोक मालमत्ता विकून ज्याला त्याला गरजेप्रमाणे वाटू लागले. लेवीय २३:२२ मधला सरवा इथे पिकाला आला, असे मी शिकवतो. पेन्टेकॉस्टवर तासभर बोलून भाषांच्या दानावर थांबणारा संदेश मला म्हणूनच अर्धा वाटतो.

आपल्या मराठी मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबडी, अंडी येतात, आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव. गोव्यात ऑगस्टमध्ये नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देतात. हे या दुसऱ्या सणाच्या सगळ्यांत जवळचे आहे. फक्त अनुवाद १६:११ ची यादी आठवा: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, लेवी, उपरी, पोरका, विधवा, सर्वांनी मिळून आनंद करावा. शंभर रुपयांचा भोपळा हजाराला गेला म्हणून टाळ्या पडतात तेव्हा मागे बसलेली विधवा त्या आनंदात कुठे असते, हे मंडळीच्या पंचांनी एकदा बघावे.

तिसरा, मांडवांचा. यहुदी लोक त्याला नुसते 'हाग', म्हणजे 'तो सण', असेही म्हणत, इतका तो मोठा. शलमोनाने मंदिराचे समर्पण याच सणात केले. यराबामाने राज्य फोडले तेव्हा लोक यरुशलेमला जाऊ नयेत म्हणून बेथेलात महिनाभर पुढे ढकलून असाच सण घातला (१ राजे १२). यात्रा बंद पाडायची तर पर्यायी यात्रा द्यावी लागते, हे त्याला कळत होते. सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहायचे, कारण मिसरातून निघाल्यावर देवाने पूर्वजांना मांडवात राहवले. पीक घरात आले, कोठार भरले, अगदी त्याच आठवड्यात पक्के छप्पर सोडून बाहेर. हातात खजुरीचा झाप, मेंदीसारखी दाट पानांची डहाळी, वाळुंज आणि एक सुगंधी महाळुंग. या महाळुंगांनी एकदा राजकारणही केले. हस्मोनी घराण्याचा यहुदी राजा अलेक्झांडर यन्नाई सणाच्या वेळी वेदीपाशी उभा असता लोकांनी त्याला महाळुंगे फेकून मारली, आणि त्याने सहा हजार माणसे कापली असे योसेफस लिहितो.

मंदिरातले विधी मिश्ना, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह, सांगते. रोज शिलोह तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी भरून वर आणत आणि वेदीवर ओतत. पाऊस तोंडावर आलेला. पाण्याशिवाय दुसरे काय मागणार? रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच सोन्याचे दिवे लागत. त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या झालेल्या विजारी आणि कमरपट्ट्यांपासून वळत, हा तपशील मला फार आवडतो. शहरातल्या प्रत्येक अंगणात त्यांचा उजेड पडे. ज्याने हा आनंद पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असे मिश्ना म्हणते.

आता योहान ७. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो: कोणी तान्हेला असला तर त्याने माझ्याकडे यावे. आठवडाभर पाणी ओतलेले पाहिलेल्या, पावसाची वाट बघणाऱ्या गर्दीत तो हे म्हणतो. पुढच्या अध्यायात 'मीच जगाचा प्रकाश आहे' हे बोलणे जामदारखान्यापाशी झाले असे योहान सांगतो, म्हणजे दिवे लागत त्याच अंगणाच्या परिसरात. आणि नवव्या अध्यायात आंधळ्याला तो धुवायला पाठवतो ते शिलोह तळ्यावरच. २००४ साली त्या तळ्याच्या पायऱ्या उत्खननात सापडल्या. तिथून मंदिराच्या टेकडीकडे चढत जाणारा फरसबंदी रस्ताही निघाला. त्याच्या दगडांखालच्या नाण्यांवरून तो पिलाताच्या काळात बांधला असावा असे उत्खनन करणारे म्हणतात. नकाशा घेऊन हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा.

तक्तावाल्या बंधूंना मी हे सांगेन. वल्हांडणातून पुनरुत्थानाचा सण आला, सप्ताहांतून पेन्टेकॉस्ट, पण मांडवांच्या सणाला चर्चच्या पंचांगात वारस मिळाला नाही. म्हणून तो 'उरलेला' वाटतो. जखऱ्या १४ मध्ये सर्व राष्ट्रे हा सण पाळायला वर येतात, तेव्हा भविष्याची आशा त्यात आहे हे खरे. पण तो पूर्णपणे पुढे ढकलला की योहान ७ ते ९ हातातून निसटतात.

सगळे संपले म्हणणाऱ्या बंधूंसाठी: कलस्सै २:१६-१७ मध्ये पौल सणांना छाया म्हणतो आणि त्यांवरून कोणी तुम्हाला दोष लावू नये असे सांगतो. म्हणजे पाळण्याची सक्ती नाही. गलतीकरांवर तर तो याच कारणाने चिडलेला आहे. पण तोच पौल पेन्टेकॉस्टपर्यंत इफिसात राहीन असे लिहितो, आणि नंतर एकदा पेन्टेकॉस्टला यरुशलेम गाठायची त्याला घाई आहे. त्याचे पंचांग शेवटपर्यंत हेच होते. छायेवरून वस्तूचा आकार कळतो. आकार माहीत नसलेल्याला वस्तू ओळखताना चूक होतेच. वर कोकरू आणि खमीर यांच्याबाबत ती कशी होते ते पाहिलेच.

राहिला सेदेर. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळले. त्यानंतर यात्रेचे सण यात्रेविना उरले आणि यहुदी समाजाने ते घरातल्या टेबलाभोवती नव्याने उभे केले. चार प्याल्यांचा क्रम आपल्याला मिश्नामध्ये सापडतो, जी इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाली. आजच्या विधीतले बरेच काही त्याहूनही नंतरचे. येशूने नेमके हेच भोजन केले असे सांगून ते चर्चमध्ये मांडणे म्हणून इतिहासाला धरून होत नाही. मंदिर गमावलेल्या लोकांनी जपलेली ठेव उचलून तिच्या प्रत्येक वस्तूत आपला अर्थ भरणे मला बरेही वाटत नाही. ज्या समाजाला ख्रिस्ती राज्यांत नेमक्या याच आठवड्यात शतकानुशतके घराबाहेर पडायची भीती वाटे, त्याच्याबद्दल एवढी भीड असावी. कोकरू कापणारा वल्हांडण हवाच असेल तर तो आजही गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी लोक दरवर्षी करतात.

भगिनींना निराश करू नका. गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाआधी निर्गम १२ आणि स्तोत्रे ११३ ते ११८ मोठ्याने वाचा. मार्क १४:२६ मध्ये जैतुनांच्या डोंगराकडे निघण्याआधी जे स्तोत्र गायले ते यांपैकीच असावे. भाकर बेखमीर ठेवा, घरची चपाती चालेल. आणि मांडवांचा सण बघायची हौस असेल तर ठाण्याच्या किंवा अलिबागच्या सिनेगॉगमध्ये आधी विचारून जा. पुरुषांनी डोके झाकावे, शुक्रवारी सूर्यास्तानंतर फोन खिशातच राहू द्यावा, आणि मांडवात बोलावले तर दिलेले खाऊन यावे.